नदीवरची मोटर, डोंगरावरची टाकी: मोबाईलला रेंज नाही, रेडिओने चालू-बंद करता येईल का?

टेकडीवरची_टाकी

नमस्कार. मी भोर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका छोट्या गावात राहते. ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा समितीवर आहे. बीएस्सी केलंय, पण केमिस्ट्रीत, त्यामुळे हे सगळं नव्याने शिकते आहे.

आमची योजना अशी आहे. नीरा-देवघर धरणाच्या फुगवट्याला जॅकवेल (पाणी उपसायची विहीर), त्यात १० एचपीची सबमर्सिबल. तिथून पाईप डोंगराच्या खांद्यावरच्या टाकीत जातो. टाकी जमिनीलगतची, सिमेंटची, ४० हजार लिटरची, आत ३ मीटर पाणी राहतं. जॅकवेलपासून टाकी सरळ रेषेत ३.८ किलोमीटर आणि साधारण ९५ मीटर उंच. रिकामी टाकी भरायला चार तास लागतात. तिथून तीन वाड्यांना पाणी उताराने जातं.

टाकी भरली की नाही हे कळायचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे आबा. आबा आमचे व्हॉल्व्हमन, वय एकसष्ट. ते टाकीवर चढून झाकण उघडून बघतात, मग खिंडीतल्या देवळापाशी येतात, कारण मोबाईलला रेंज फक्त तिथे मिळते, आणि पंपावरच्या मुलाला मिस्ड कॉल देतात. एक मिस्ड कॉल म्हणजे बंद कर, दोन म्हणजे अजून राहू दे. पंपाच्या बाजूलाही रेंज धड नाही, तो मुलगा जॅकवेलपासून पाच मिनिटं लांब एका दगडावर जाऊन बसतो.

गेल्या ऑगस्टमध्ये धुक्यात आबा घसरले आणि मनगट मोडलं. त्या रात्री टाकी तीन वाजेपर्यंत वाहत होती. उन्हाळ्यात उलटं झालं. पाणी खाली गेलं, मोटर कोरडी चालली आणि जळली. दोन वर्षांत दोनदा रिवाइंडिंग झालं. तो खर्च पाणीपट्टीतून भरला, आणि आमच्या तीन वाड्यांची पाणीपट्टी किती जमते ते मला माहीत आहे, कारण मीच दारोदार फिरते.

एका विक्रेत्याने सिमकार्डवाला मोबाईल स्टार्टर बसवला होता. पाच दिवस चालला. रेंजच नाही तर तो करणार काय. पैसे परत मिळाले नाहीत.

आता कुणीतरी म्हणालं, रेडिओने करा. मला चार गोष्टी कळत नाहीत. परवाना लागतो का? ऑनलाइन ४३३, ८६८, ९१५ अशी वेगवेगळी मॉड्यूल दिसतात, त्यातलं कुठलं घ्यायचं? आमच्याकडे जून ते सप्टेंबर ढग खाली उतरलेले असतात, रेडिओ चालेल का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे बिघडलं तर काय होईल?

टाकी आणि जॅकवेल एकमेकांना दिसत नाहीत, मध्ये डोंगराची सोंड आहे. खिंडीतल्या देवळापासून मात्र दोन्ही दिसतात.

---

एरियलवाला

ताई, आधी परवान्याचं, कारण तिथेच बरेच जण फसतात.

आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा विनापरवाना आहे. २००५ मध्ये ८६५ ते ८६७ मोकळा झाला, २०२१ मध्ये वरचा एक मेगाहर्ट्झ जोडला. यंत्राची ताकद १ वॉटपर्यंत, एरियल धरून ४ वॉटपर्यंत, आणि वाहिनीची रुंदी २०० किलोहर्ट्झच्या आत. यंत्राला दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची, म्हणजे डब्ल्यूपीसीची, ईटीए (यंत्राच्या प्रकाराला दिलेली) मान्यता हवी. तो कागद विकणाऱ्याकडून आधी मागा आणि ग्रामपंचायतीच्या दप्तरी लावा.

९१५ घेऊ नका. ९०२ ते ९२८ हा अमेरिकेतला मोकळा पट्टा आहे. आपल्याकडे ८९० ते ९१५ वर मोबाईल हँडसेट टॉवरशी बोलतात, तुम्ही सरळ त्यांच्या अंगावर जाल. ८६८ वाली मॉड्यूल युरोपची. ती कारखान्यातून बहुधा ८६८.१, ८६८.३ अशी लावलेली येतात, म्हणजे आपल्या हद्दीच्या जेमतेम बाहेर. तेच मॉड्यूल ८६५-८६६ वर उतरवता येत असेल आणि मान्यता असेल तर चालेल. ४३३ ला आपल्याकडे फक्त १० मिलिवॉट, आणि तेही इमारतीच्या आत.

एक लक्षात ठेवा. परवाना नको म्हणजे पट्टा तुमच्या मालकीचा नाही. उद्या शेजारी कुणी त्याच वाहिनीवर काही लावलं तर तक्रार चालत नाही, वाहिनी बदलावी लागते.

ढग, धुकं, पाऊस यांनी ८६६ वर नाव घेण्यासारखा फरक पडत नाही. पावसाचा त्रास १० गिगाहर्ट्झच्या वरच्या डिश-लिंकना होतो. तुमचा पावसाळ्यातला शत्रू वेगळा: कनेक्टरमध्ये शिरणारं पाणी आणि समोरची ओली झाडं.

यंत्र लोरा पद्धतीचं घ्या. हळू बोलतं, पण फार बारीक आवाज ऐकतं. ३.८ किलोमीटरला मोकळ्या हवेत १०३ डीबी (रेडिओची ताकद मोजायचं माप) घट होते. १०० मिलिवॉट म्हणजे २० डीबीएम, एका टोकाला ८ चं यागी (एकाच दिशेला रोखलेलं एरियल), दुसरीकडे ५ चं उभं एरियल, वायरीत दोन्हीकडे मिळून ४ गेले, तर हाती येतं उणे ७४. एसएफ १० वर (एसएफ म्हणजे किती सावकाश बोलायचं त्याची पायरी) हे यंत्र उणे १३२ पर्यंत ऐकतं. म्हणजे ५८ डीबी शिल्लक. पण हा सगळा हिशोब मोकळ्या हवेचा. डोंगराची सोंड मध्ये आली की ही शिल्लक बघता बघता संपते. आणि नुसतं दिसणंही पुरत नाही. एवढ्या अंतराला मधोमध रेघेच्या भोवती निदान ११ मीटर मोकळी जागा हवी, खालून झाडं-टेकाड काही घुसलेलं नको.

तुमच्या देवळाची जागा मला सोन्यासारखी वाटते. तिथे मधला रेडिओ ठेवा, इकडचं ऐकून तिकडे बोलणारा.

---

पंपहाऊस_३१

एरियलवाल्या दादांनी रेडिओचं नीट सांगितलं. मी पंपाच्या बाजूने बोलतो. एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात इलेक्ट्रिकलला ३१ वर्षं काढली, शेवटची ९ फोरमन म्हणून. ताई, तुमचा चौथा प्रश्न तुम्ही शेवटी टाकलात. तो पहिला घ्या. यंत्र कुठलं घ्यायचं ते त्याच्यानंतर.

आमच्याकडे आधी टाकी ते पंपहाऊस टेलिफोनची भाड्याची जोडी होती. टाकीत फ्लोट, त्या जोडीवरून पंपहाऊसमध्ये दोन दिवे. रस्ते खोदायला लागले तशी ती जोडी महिन्यातून दोनदा तुटायची. मग १९९६ ला परवाना काढून व्हीएचएफ रेडिओ आला. आम्हाला केवढा आनंद झाला होता! टाकी खाली गेली की 'चालू' असा एक संदेश, भरली की 'बंद' असा एक संदेश. मधल्या वेळात सगळं गप्प. त्या गप्प राहण्यात काय दडलंय हे तेव्हा आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

दुसऱ्याच पावसाळ्यात, जुलैमध्ये, रात्री टाकीजवळ वीज पडली आणि तिथला रेडिओ गेला. 'चालू' आधीच पोचला होता. 'बंद' पोचलाच नाही. पंप रात्री साडेदहापासून पहाटे पाचपर्यंत चालला. टाकीच्या खालच्या अंगाला एका शेतकऱ्याचा भाताचा तरवा होता, दोन दिवसांनी लावणी करायची होती. सगळा वाहून गेला, वर बांधही फुटला. सकाळी मी गेलो तर तो माणूस काही बोलला नाही. बांधावर उभा राहून पाण्याकडे बघत होता. मी रात्रपाळीला होतो. पंपहाऊसमधला दिवा रात्रभर हिरवा होता, कारण शेवटचा आलेला संदेश तसाच होता. मी चारदा त्या दिव्याकडे बघितलं आणि चारदा निर्धास्त झालो.

त्यानंतर मी जिथे जिथे हात लावला तिथे एकच पद्धत ठेवली. टाकीने मागत राहायचं. दर दोन मिनिटांनी टाकी सांगते, 'पातळी अमुक, पाणी हवं.' पंप ऐकतो आणि चालतो. लागोपाठ तीन वेळा ऐकू आलं नाही की मोटर बंद. रेडिओ मेला, बॅटरी संपली, वीज पडली, माकडाने वायर तोडली, कारण काहीही असो. ऐकू आलं नाही म्हणजे बंद. 'बंद' हा संदेश पोचायची गरजच ठेवायची नाही.

तुमच्या आकड्यांवर बसवून दाखवतो. चार तासांत ४० हजार, म्हणजे तासाला १० हजार लिटर. टाकी गप्प झाल्यापासून मोटर थांबेपर्यंत फार तर ७ मिनिटं धरा. तेवढ्यात येणार साधारण ११७० लिटर. तुमची टाकी ३ मीटरला ४० हजार, म्हणजे हे पाणी टाकीत ९ सेंटिमीटर चढेल. तेव्हा 'भरली' ही खूण ओव्हरफ्लोच्या पाईपाखाली २० सेंटिमीटरवर ठेवा. मग शेवटच्या क्षणी रेडिओ मेला तरी एक थेंब बाहेर जाणार नाही.

आता मोटर जळण्याचं. हे काम रेडिओच्या गळ्यात घालू नका. कोरडं चालणं, एक फेज जाणं, जास्त करंट हे सगळं पंपाच्या पॅनेलमध्येच, वायरीने जोडलेलं पाहिजे. एक फेज गेली की तोडणारा प्रिव्हेंटर हवाच, आणि कमी करंटला तोडणारा ड्राय-रन रिले हवा. जॅकवेलमध्ये पाणी सरलं की मोटरचा करंट पडतो, तो रिले काही सेकंदांत तोडतो. रेडिओने फक्त 'पाणी हवं' एवढंच म्हणायचं. चालायचं की नाही हे पंपाने आपल्या अंगाकडे बघून ठरवायचं. लाईट गेली आणि आली, तर लगेच मोटर उचलू देऊ नका. दोन-तीन मिनिटं थांबून मगच.

उलट दिशेनेही निरोप घ्या. पंप सुरू झाला असं पंपाने टाकीला कळवायचं, आणि ते स्टार्टर ओढला म्हणून नको, वायरीवर सीटी (करंट मोजणारं कडं) बसवून करंट वाहतोय हे बघून. आदेश पोचला म्हणजे पाणी चढलं असं होत नाही. कॉन्टॅक्टर ओढलेला आणि फ्यूज गेलेला, असं मी कितीदा पाहिलंय.

आणि ताई, पॅनेलवर 'लोकल-रिमोट' असा फिरवायचा स्विच, त्याला कुलूप, किल्ली पंपावरच्या मुलाकडे. तो पॅनेल उघडणार असेल तर आधी स्विच लोकलला आणि मेन खाली. रिमोटवर मोटर सुरू व्हायच्या आधी १० सेकंद हूटर वाजला पाहिजे. आमच्या एका जोडीदाराचा हात ग्लँड आवळताना पंपात गेला, कारण दुसरीकडून कुणीतरी बटण दाबलं. तेव्हा रेडिओ नव्हता, फोनवरून सांगून दाबलं होतं. लांबून चालणाऱ्या मोटरीला समोरचा माणूस दिसत नाही. यावर पैसे वाचवू नका.

सरपंचांना उदाहरण हवं असेल तर कराडजवळच्या मलकापूरचं सांगा. तिथल्या चोवीस तास पाण्याच्या योजनेत नळाची मीटर रेडिओने वाचायची सोय केली. म्हणजे हे काही परदेशातलं खूळ नाही.

---

डाळिंब_सांगोला

एवढं कशाला? टाकीत फ्लोट व्हॉल्व्ह लावायचा. टाकी भरली की तो बंद होतो, पाईपात प्रेशर वाढतं, पंपाजवळ प्रेशर स्विच लावला की मोटर बंद. आमच्या शेततळ्यावर सहा वर्षं चालू आहे. ना रेडिओ ना बॅटरी.

---

पंपहाऊस_३१

दादा, पद्धत एकदम पक्की आहे, मीही वापरली आहे. पण तुमचं शेततळं आणि यांचा डोंगर यात फरक आहे. यांची टाकी ९५ मीटर वर, म्हणजे पंपाजवळ पाणी उभं असतानाच साडेनऊ किलो दाब. वरचा व्हॉल्व्ह बंद झाला की पंप आणखी ढकलतो, १३-१४ किलोपर्यंतही जाईल. ताई, खालचा पाईप किती किलोचा आहे? जीआय आहे की एचडीपीई? १० किलोचा एचडीपीई असेल तर हा प्रयोग अजिबात नको, जॉइंट सुटेल.

शिवाय प्रेशर स्विचने मोटर बंद होते, पण टाकी खाली झाली हे पंपाला कसं कळणार? मोटर बंद झाली की खालचा एनआरव्ही (पाणी मागे न सोडणारा व्हॉल्व्ह) पाणी अडवून धरतो, वरचा व्हॉल्व्ह उघडला तरी पाईपातलं वजन तेवढंच. त्यासाठी टायमर लावून दर तासाला मोटर उचलून बघावी लागते. १० एचपीला ते बरं नाही.

---

टेकडीवरची_टाकी

खालचे दीड किलोमीटर जीआय आहे, वर एचडीपीई, १० किलोचाच. म्हणजे हे नकोच.

काका, तरव्याचं वाचून दोन मिनिटं थांबले. आमच्या टाकीच्या खालीही खाचरं आहेत.

पण एक शंका. ऐकू आलं नाही की बंद, हे पटलं. मग रेडिओच बिघडला तर गावाला पाणीच नाही? दुरुस्तीला माणूस पुण्याहून यायचा, पावसात दोन-तीन दिवस सहज जातील.

---

पंपहाऊस_३१

बरोबर शंका आहे. स्विच लोकलला टाका आणि टायमरवर चालवा. तासाभराचा टायमर, हाताने पीळ देऊन लावायचा, वेळ संपली की आपोआप बंद. पाणी पाहिजे तर पुन्हा येऊन लावायचा. आबा टाकी बघतील, मुलगा टायमर लावेल, म्हणजे तुम्ही आज करता तसंच, फक्त विसरलं तरी रात्रभर वाहणार नाही.

प्रत्येक जागेसाठी एक जास्तीचा रेडिओ आधीच सेट करून कपाटात ठेवा. तिन्ही जागी एकच मॉडेल असेल तर एका जास्तीच्या नगावर भागतं. पेटीच्या झाकणावर आतून कागद चिकटवा: वाहिनी, क्रमांक, कुठली वायर कुठे. मराठीत. मी निवृत्त झालो तेव्हा निम्म्या पेट्यांचं गणित माझ्या डोक्यात होतं, पुढच्या मुलांना त्याचा फार त्रास झाला.

---

ब्रिस्बेनकर

मी मूळ साताऱ्याचा, सध्या क्वीन्सलंडमध्ये पाण्याच्याच क्षेत्रात आहे. एक मुद्दा राहिला म्हणून लिहितो.

इथून तासा-दीड तासावर तेव्हाचा मारूची शायर. २००० साली तिथल्या सांडपाण्याच्या १४२ पंपिंग स्टेशनांवर रेडिओने नियंत्रण होतं. यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीतून बाहेर पडलेला एक माणूस, नगरपालिकेत नोकरी मिळाली नाही म्हणून रागावलेला, गाडीत रेडिओ आणि लॅपटॉप घेऊन फिरत होता आणि आपण त्या यंत्रणेतलंच एक स्टेशन आहोत असं भासवून आदेश देत होता. पंप बंद पडायचे, धोक्याच्या सूचना यायच्या नाहीत. सुमारे ८ लाख लिटर मैला बागांत, ओढ्यांत आणि एका हॉटेलच्या आवारात गेला. एप्रिलमध्ये पोलिसांनी त्याची गाडी अडवली तेव्हा सामान गाडीतच होतं. पुढच्या वर्षी त्याला दोन वर्षांची कैद झाली.

त्या आधी कित्येक आठवडे सगळ्यांना वाटत होतं की नवीन यंत्रणा आहे, बिघाड होत असतील. रेडिओवर येणारा प्रत्येक आवाज आपलाच आहे असं धरून यंत्र चालत होतं, हे मूळ दुखणं.

तुमच्या तीन वाड्यांच्या टाकीवर कुणी असं करेल असं मला वाटत नाही. पण त्याच कारखान्याचं यंत्र शेजारच्या गावाने घेतलं आणि दोन्हीकडे कारखान्याचेच आकडे राहिले, तर त्यांच्या टाकीने मागितलं की तुमची मोटर सुरू होईल. हे अगदी घडण्यासारखं आहे. म्हणून: एईएस-१२८ कूटबद्धता (गुप्त चावीने संदेश बंद करणं) असलेलं यंत्र घ्या, चावी कारखान्याची ठेवू नका, आणि प्रत्येक संदेशाला चढता क्रमांक असू दे. जुन्या क्रमांकाचा संदेश पुन्हा आला तर पंपाने तो टाकून द्यायचा. ती चावी लिहिलेला कागद मात्र पेटीच्या झाकणावर नको, ग्रामसेवकांच्या कपाटात.

---

पंपहाऊस_३१

हे माझ्याकडून राहिलं होतं. आमच्या काळात हा विचारच नव्हता. ताई, हे नक्की करा.

---

टेकडीवरची_टाकी

रविवारी चाचणी घेतली. एरियलवाल्या दादांशी फोनवर बोलून भावाने पुण्याहून मान्यतेची दोन मॉड्यूल आणली, त्यांची ती बोटभर एरियल लावूनच. एसएफ १०, ८६५ च्या पट्ट्यात. प्रत्येक जागी पन्नास संदेश पाठवले.

टाकी ते जॅकवेल सरळ: पन्नासातले १९ पोचले, वाचन उणे १२९ च्या आसपास. टाकी ते देऊळ, १.४ किलोमीटर: पन्नासच्या पन्नास, उणे ८१. देऊळ ते जॅकवेल, २.६ किलोमीटर: पन्नासच्या पन्नास, उणे ९२.

आबा बरोबर आले होते, हात आता बरा आहे. देवळाच्या ओट्यावर बसून ते प्रत्येक संदेश मोजत होते. गुरवांशी बोलले, शिखराला हात लावायचा नाही, मागच्या कोपऱ्यात वेगळा खांब रोवायला परवानगी आहे.

टाकीत पातळी मोजायला अल्ट्रासॉनिक सुचवलंय एकाने. आणि बॅटरी किती मोठी घ्यायची? टाकीवर आणि देवळावर लाईट नाही.

---

एरियलवाला

वाचनं छान आहेत. बोटभर एरियलवर उणे ९२ म्हणजे खांबावर यागी लावल्यावर चिंताच नाही. पण चाचणी कोरड्या हवेत झाली आहे. श्रावणात पानं ओली आणि दाट असतील, आकडा खाली येणार, तेव्हा आत्ताच एरियल ओट्यापेक्षा निदान तीन-चार मीटर वर घ्या. पेटी खांबाखाली आणि एरियल वर असं करून मध्ये पातळ आरजी-५८ वायर टाकू नका. ती २० मीटरला १० डीबी खाते. पेटी एरियलजवळच ठेवा, वायर एक-दोन मीटर. कनेक्टरवर आधी रबराची स्वतःला चिकटणारी टेप, वर साधी टेप, आणि वायरीला पेटीत शिरण्याआधी खाली झोका द्या, म्हणजे पाणी तिथून गळून पडेल.

देवळावरचा रेडिओ सतत ऐकत असतो, त्याला साधारण ३० मिलिअँपिअर धरा, दिवसाला ०.७२ अँपिअर-तास. १२ व्होल्ट १८ अँपिअर-तासाची बॅटरी अर्धीच वापरायची असं धरलं तर १२ दिवस सूर्य नसला तरी निघतील. टाकीवरचा दोन मिनिटांतून एकदा जागा होतो आणि एसएफ १० वर छोटा संदेश जेमतेम ०.३ सेकंदात जातो. सरासरी १५ मिलिअँपिअर धरा. तिथे ७ अँपिअर-तासाची, यूपीएसमध्ये असते ती, नऊ-दहा दिवस टिकेल. तुमच्याकडचा जुलै बघता पॅनेल मात्र मोठं घ्या, ४० वॉटचं, ढगाळ उजेडातही थोडं भरत राहील.

---

पंपहाऊस_३१

अल्ट्रासॉनिक बंद टाकीत मला नको वाटतो. थंडीत आणि धुक्यात झाकणाखाली दव धरतं, त्याच्या तोंडावर थेंब बसतो आणि तो टाकी कायम भरलेली दाखवतो. गावाला पाणी नाही आणि यंत्र म्हणतंय भरली आहे! पाण्यात सोडायचा प्रेशर सेन्सर घ्या, ४ ते २० मिलिअँपिअरचा, ० ते ५ मीटरचा. तुमची टाकी ३ मीटरला १३.६ दाखवेल, रिकामी ४. आणि वायर तुटली तर ० दाखवेल, म्हणजे रिकामी टाकी आणि तुटलेली वायर यांत गल्लत होत नाही. ० आला की टाकीने मागणं बंद करायचं. त्या वायरीत हवेची बारीक नळी असते, तिचं वरचं टोक कोरड्या पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवून सोडा, नाहीतर पावसाळ्यात नळीत पाणी धरून वाचन भरकटतं. त्याच्या जोडीला वर एक साधा फ्लोट हवाच, तो उचलला की सेन्सर काहीही म्हणो, मागणी बंद.

अर्थिंगचं बघा. तुमच्याकडे कातळ आहे, टाकीपाशी खड्डा घेऊन उपयोग नाही. जिथे माती खोल असेल, ओल टिकत असेल तिथे मीठ-कोळशाचा खड्डा घ्या आणि पट्टी तिथपर्यंत ओढा, वीस-पंचवीस मीटर गेली तरी चालेल. एरियलच्या वायरीला आणि सेन्सरच्या वायरीला दोन्हीला सर्ज अरेस्टर. मी सेन्सर जेवढे गमावले ते बहुतेक विजेने.

उघड्या वायरी जीआय पाईपात घाला, वानरं सोडत नाहीत. पेटीच्या भोकांना जाळी लावा. गांधीलमाश्यांनी पेटीत घर केलं तर आबांना झाकण उघडताना त्रास होईल.

---

टेकडीवरची_टाकी

काका, दादा, ब्रिस्बेनचे दादा, सगळं वहीत उतरवून घेतलं. मासिक सभेत ठराव झाला. मृगाच्या आधी खांब आणि अर्थिंग, मोटरचं पॅनेल पुढच्या आठवड्यात.

आबांची एक मागणी आहे. देवळापाशी खांबावर हिरवा दिवा लावायचा, टाकी भरली की पेटेल असा. खिंड तिन्ही वाड्यांतून दिसते. संध्याकाळी बायकांना दारातूनच कळेल की उद्या पाणी आहे, मला येऊन विचारावं लागणार नाही. हे त्याच यंत्रावरून होईल का?

---

पंपहाऊस_३१

होईल, रेडिओत एक रिकामा आउटपुट असतोच. एलईडी लावा, बॅटरीला फार जड जाणार नाही.

पण ताई, तो सतत पेटता ठेवू नका. टाकीचा संदेश देवळात आला, पातळी भरलेली असली, की दिवा तीनदा लुकलुकायचा आणि विझायचा. पुन्हा दोन मिनिटांनी संदेश आला की पुन्हा तीनदा. टाकी बोलली तरच दिवा. वाड्यांमध्ये सगळ्यांना हे आधी समजावून सांगा: लुकलुकतोय म्हणजे भरली, अंधार आहे म्हणजे भरलेली नसेल किंवा बिघाड असेल. आणि कधी हिरवा स्थिर दिसला, तर त्याच रात्री आबांना कळवायचं.